वाटेवरचा माल

"वीस पैसे! अप्पा, वीस पैसे! रस्त्यावर पडलं तर कुत्रं हुंगत न्हाई असं नाणं, अन् त्याच्या तपासणीला तुम्ही एवढी फी भरायलात? अन् वर म्हनायलात, ते आल्याबगर मी गाव सोडनार न्हाई?"

हा आमच्या घरमालकांचा मुलगा. कलबुर्गीहून गाडी घेऊन आईबापांना कायमचं न्यायला आला होता. त्याच्या ओरडण्याने भालकी स्टँडवरची उदगीर गाडी वेळेआधी सुटली, असं मी सांगत असतो. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. मी कमी करून सांगतो, कारण पूर्ण सांगायला आता माझ्यात दम राहिलेला नाही.

गाडीच्या डिकीत दोन गाद्या, एक शेगडी आणि लोणच्याच्या बरण्या भरून झाल्या होत्या. अक्का, म्हणजे मालकीणबाई, मागच्या सीटवर पदर सावरून बसल्यासुद्धा होत्या. आणि अप्पा दुकानाच्या उंबऱ्यावर मांडी घालून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पोराकडे असे बघत होते की जणू तो उधारी मागायला आला आहे.

"माल वाटंवर हाय," अप्पा म्हणाले.

"कसला माल?"

"कमळाचा. गेल्या पंधरवड्यात पाठवलाय. मालक गावात नसला तर उतरून कोन घेईल?"

"हा झेरॉक्सवाला घेईल की!"

"तेचा माल हाय व्हय त्यो?"

झेरॉक्सवाला म्हणजे मी. अप्पांच्या किराणा दुकानाचं अर्धं शटर मी भाड्याने घेतलं होतं आणि तिथे आधार, जमिनीच्या पहाणीचे उतारे, रेल्वेची तिकिटं असलं ऑनलाइन काम करत होतो. माझं नाव अप्पांनी कधी विचारलं नाही. ते मला "ए झेरॉक्स" म्हणत. अक्का मात्र तम्मा म्हणायच्या, धाकट्या भावाला कन्नडमध्ये म्हणतात तसं.

पोरगा ओरडून ओरडून बसला. अक्का गाडीतून उतरल्या, आत गेल्या आणि चहा टाकला. गाद्या उतरवायला मी हात लावला. पुढे या गाद्या इतक्या वेळा चढल्या-उतरल्या की त्यातला कापूस स्वतःच्या पायांनी कलबुर्गीला पोहोचला असता.

आता हे कमळ काय आणि माल काय, ते सांगतो.

अप्पांच्या वडिलांनी हे दुकान काढलं. त्यांचा एक नेम होता. दिवाळीच्या पाडव्याला पहिल्या गिऱ्हाइकाने दिलेलं नाणं डोळ्यांना लावायचं, तराजूला लावायचं आणि खर्चायचं नाही. ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायचं. बापामागं अप्पांनीही तेच केलं. म्हणून त्या डब्यात कुठल्या कुठल्या काळाची चिल्लर होती. एक पैसा, चौकोनी पाच पैसे, लाटालाटांच्या कडेचे दहा पैसे, आणि सगळ्यांत जास्त ते पितळी वीस पैसे, ज्यावर कमळ असतं. त्यात सोनं असतं अशी आमच्या भागात कित्येक बायकांची खात्री आहे. काहींनी त्याची डोरली केली. सोनं त्यात नसतं, पण हे मी एकदा गल्लीत बोललो तर आठवडाभर माझ्याकडे झेरॉक्सला कुणी आलं नाही.

एकदा दुपारी मोबाईलवर अप्पांनी एक व्हिडिओ बघितला. कुणीतरी गोरागोमटा माणूस सांगत होता की नाणी एका कंपनीकडे पाठवायची, ते तज्ज्ञ भिंगातून बघतात, एक ते सत्तरपैकी नंबर देतात आणि जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. सत्तर म्हणजे टाकसाळीतून निघालं ते तसंच, माणसाचा हात न लागलेलं. एक म्हणजे, नाणं आहे एवढं ओळखू येतं.

"हात न लागलेल्याला सत्तर?" अप्पा म्हणाले. "मंग बाजारात कामून आलं ते? घरीच बसायचं की."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करायच्या आत ते डबा घेऊन उभे. "ए झेरॉक्स, त्या कंपनीचा फारम भर."

फी बघितली आणि मी खुर्ची धरली. एवढ्या पैशात त्यांच्या दुकानातली तूरडाळ पोत्यासकट विकत आली असती. म्हणालो, "अप्पा, नाणं वीस पैशाचं आहे."

"तुला किंमत कोन इचारली? मला नंबर पायजे. माझ्या बा'ची बोहनी हाय. तिला कुनी आजपोतर तपासलं न्हाई."

पहिलं नाणं गेलं, महिनोन्‌महिने गेले, आणि परत आलं ते नापास होऊन. चिठ्ठीवर इंग्रजीत होतं की नाणं घासलेलं आहे, नंबर देता येत नाही. झालं काय, की पाठवायच्या आदल्या दिवशी अप्पांनी ते चिंच आणि राखेने लख्ख घासलं होतं. आयुष्यभर ज्याने अडतीवर तूर नेताना चाळून, पाखडून, खडा वेचून नेली, तो माणूस मळकं नाणं शहरातल्या कंपनीला पाठवेल? आपला माल म्हणजे आपलं तोंड. धुऊनच बाहेर काढायचं.

"झेरॉक्स, नीट वाच. घासलं म्हनून नापास?"

"होय अप्पा. त्यांना मळ पाहिजे. जुना, मूळचा."

"उलटा बाजार हाय," अप्पा म्हणाले आणि दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हणतो दोन दिवस. अक्का म्हणतात एक वेळ.

त्या दिवसापासून घरात कायदा झाला. डब्याला कुणी पाणी लावायचं नाही, फडकं लावायचं नाही, चिंच तर त्या बाजूला फिरकू द्यायची नाही. लक्ष्मीपूजनाला पूर्वी अक्का ही नाणी ताटात मांडून दुधा-पाण्याचा हात फिरवायच्या, हळद-कुंकू वाहायच्या. आता डबा पाटावर ठेवून लांबून दिवा दाखवायचा. अक्का म्हणाल्या, "लक्ष्मीला बी सोवळ्यात बसवलं का काय?" अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती कला त्यांना उत्तम येत होती.

दुसरं नाणं मळकंच गेलं आणि चक्क पास झालं. नंबर चाळिशीतला होता, पण अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. "माझा बा पास झाला!" म्हणून स्टँडपर्यंत सांगून आले. शाळेची पायरी न चढलेला बाप शहरातल्या कंपनीने पास केला. ती प्लॅस्टिकची डबी दुकानाच्या फळीवर, देवाच्या फोटोखाली बसली. रोज उदबत्ती. दुकानात तोवर विकायला काडेपेटी, गूळ आणि मीठ याखेरीज फारसं काही उरलं नव्हतं, सगळे डबे रिकामे होते, पण अप्पा रोज शटर उघडायचे, गल्ल्यावर बसायचे आणि डबीकडे बघायचे.

मग त्यांना नंबर द्यायची सवय लागली. हॉटेलातला चहा बावन्न. मंठाळहून येणारी ज्वारी साठ. माझी झेरॉक्स एकोणतीस, "कागद बरा हाय म्हनून". साखर कारखान्याच्या भोंग्यालाही त्यांनी नंबर दिला होता आणि पुढच्या हंगामात तो दोनाने खाली आणला होता. गल्लीतल्या एका घरी मुलगी बघायला जनवाड्याचे पाहुणे आले. मुलीच्या बापाने वडीलधारं माणूस म्हणून अप्पांना बोलावलं. पोहे झाले. बापाने अदबीने विचारलं, "अप्पा, मुलगा कसा वाटतोय?"

अप्पांनी खिशातून भिंग काढलं. खरंच काढलं, मी तिथे होतो. नवऱ्या मुलाला उजेडाकडे वळवलं, दोन्ही कानांच्या बाजू बघितल्या आणि म्हणाले, "चोपन. मधी चांगला हाय, पर कडेला झिजलाय."

लग्न झालं, ही गोष्ट वेगळी. पण त्या जावयाला अजून सासुरवाडीत चोपन्न म्हणतात.

अक्कांनी एकदा पाट्यावर चटणी वाटता वाटता विचारलं होतं, "अन् मला किती?"

"घरच्या वस्तूला आपन नंबर देत नसतोव," अप्पा म्हणाले. "बाहेरच्यानं द्यायचा असतोय."

"मंग माझे गुडघे पाठवा त्या कंपनीला. बघू किती देतेत."

गुडघ्यांचं सांगायचं तर त्या घरात पाणी अंगणातल्या हौदातून उचलून आत न्यावं लागे, आणि नळ दोन दिवसांआड, तोही हुक्की आली तर. कलबुर्गीच्या फ्लॅटमध्ये पाणी भिंतीतून येत होतं. वर जायला लिफ्ट होती. तिथे नात होती, नुकती बोलायला लागलेली, आणि ती अक्कांना "मोबाईलमधली आज्जी" म्हणायची. अक्का हे गल्लीत हसून सांगायच्या. मला एकट्याला सांगितलं तेव्हा हसल्या नव्हत्या.

अप्पा एकदाच आठ दिवस त्या फ्लॅटवर राहून आले होते. आल्यावर म्हणाले, "तिथं दाराला बाहीर बसायला जागाच न्हाई. दार लावलं की मानूस डब्यात." नंबर विचारला तर दिला नाही. एवढा वाईट.

म्हणून मुलाने न्यायचा विषय काढला की माल वाटेवर असायचा. हा त्यांच्या वडिलांच्या धंद्यातला रिवाज. हैदराबादहून, लातूरहून माल निघाला की तो उतरून घेईपर्यंत मालकाने गावाची वेस ओलांडायची नाही. मग सोयऱ्याचं लग्न असो की मयत. अप्पांच्या वडिलांनी म्हणे गुळाच्या भेल्यांसाठी स्वतःच्या मेहुण्याचं लग्न चुकवलं होतं. तेव्हा गाडीभर गूळ होता. आता एक वीस पैसे होते. पण रिवाज तो रिवाज, आणि कंपनीला एका नाण्याला महिने लागत होते.

सुरुवातीला माझ्या ध्यानात आलं नाही. मी भाबडेपणाने म्हणालो, "अप्पा, एकदम दहा पाठवा, कंपनी सूट देते. कुरिअरही एकच."

 अप्पा हळू म्हणाले, "एकदम धा गेले तर एकदम धा येतील."

"मग चांगलंच की!"

"मंग पुढं काय पाठवू?"

अक्का बाजूला सुपात तूर निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, मानही वर झाली नाही. पण खडा समजून त्यांनी एक चांगली तूर फेकली, ते मी बघितलं.

गेल्या उन्हाळ्यात मात्र गोष्ट अवघड झाली. ऊन असं होतं की माझ्या पाटीवरचा 'आधार' हा शब्द वितळून 'पहाणी'वर आला होता. कुरिअरवाला डबी घेऊन दारात उभा, अप्पांच्या हातात सहीचं पेन, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज. अक्का हौदापाशी घागर उचलायला वाकल्या त्या खाली बसल्या आणि उठेचनात. अप्पा उंबऱ्यात. एकीकडे कुरिअर, एकीकडे बायको. सही कुठे करू हे त्यांना कळेना, आणि त्यांनी सही केली. केली आणि मग पेन टाकून पळाले. मी आणि कुरिअरवाल्याने अक्कांना धरून उठवलं. अक्का म्हणाल्या, "काय न्हाई, काय न्हाई. माल आला का?"

तो टोमणा नव्हता. त्यांनी सरळच विचारलं होतं, म्हणून अप्पांना ते जास्त लागलं. पुढे कितीतरी दिवस ते स्वतः अक्कांच्या गुडघ्यांना तेल चोळत. हौदाचं पाणीही स्वतः आणत, अर्धं अंगावर सांडून. म्हणाले, "आता हा आला. ह्यो शेवटचा. दिवाळी झाली की जाऊ."

"व्हय," अक्का म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात ते माझ्या टेबलाशी उभे, मुठीत कमळ. मी फारम भरला. खरं सांगतो, त्या घरात सगळेच थकले होते. पोरगा येऊन येऊन थकला होता, त्याची गाडी थकली होती, कुरिअरवाला थकला होता, आणि अप्पा स्वतः टाळून टाळून थकले होते. फक्त कंपनी ताजीतवानी होती.

ते कमळ दिवाळीच्या तोंडावर परत आलं. वाटेवर आता काही नव्हतं. पुढचं नाणं अप्पांनी निवडून, कागदात गुंडाळून परत डब्यातच ठेवलं होतं. म्हणाले, पाडवा झाला की पाठवू.

त्या दिवशी अक्का माझ्या टेबलाशी आल्या. त्या कधी येत नसत. म्हणाल्या, "तम्मा, आजून किती हायत डब्यात?"

"असे एकेक निघाले तर नातीचं लग्न होईल, अक्का."

"अन् घासलेलं घेतच न्हाईत म्हन ते?"

"नाही. चिंच लागली की संपलं. परत पाठवतात."

"बरं," म्हणाल्या, आणि एक जुनं वीजबिल झेरॉक्स करून घेतलं. कशाला ते त्यांनाही माहीत नसावं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी अप्पा अडतीवर भेटीगाठीला गेले होते. दिवाळीच्या दिवशी जुन्या व्यापाऱ्यांकडे जाऊन बसायचं, पान खायचं, कुणाचं दुकान कुणी घेतलं ते ऐकायचं. परत आले तेव्हा दिवे लागले होते. हातपाय धुतले, विभूती लावली, पाटावर बसले. गल्लीतल्या दोन-तीन बायका आधीच येऊन बसल्या होत्या, मीही होतो. समोर ताट होतं आणि ताटात डब्यातली सगळी नाणी मांडलेली. एकूण एक घासलेली. पितळी कमळं अशी चकाकत होती की समईला कुणी विचारत नव्हतं. दहा पैशांच्या लाटा चांदीसारख्या. कागदात गुंडाळून ठेवलेलं ते नाणंही त्यातच होतं, मधोमध, सगळ्यांत लख्ख.

"आगं बया," एक बाई म्हणाली, "अक्का, हे समदं सोन्याचं हाय का काय?"

अप्पांनी चष्मा लावला. मग भिंग काढलं. एक नाणं उचललं, बघितलं, ठेवलं. दुसरं उचललं. मला वाटलं आता हा माणूस असा ओरडेल की बीदरच्या किल्ल्याचा एखादा बुरूज ढासळेल. मी शेजारच्या बाईचा दिवा बाजूला सरकवून ठेवला, म्हटलं आवाजाने विझायला नको.

अप्पा ओरडले नाहीत. भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आरती म्हना."

आरती झाली. ते सगळ्या ओळी नीट म्हणाले. अक्कांनी सगळ्या नाण्यांवर हळद-कुंकू वाहिलं, कितीतरी वर्षांनी, एकही न गाळता. मग अप्पांच्या हातावर प्रसाद ठेवला.

"ह्यातलं एकबी आता जात न्हाई," अप्पा म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

"प्रसाद घ्या," अक्का म्हणाल्या.

त्यांनी घेतला.

पाडव्याला सकाळी त्यांनी शटर उघडलं. मी नेहमीप्रमाणे काडेपेटी घेतली, त्यांनी नाणं डोळ्यांना लावलं, तराजूला लावलं. मग म्हणाले, "झेरॉक्स, पोराला फोन लाव." मी लावून दिला. अप्पांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला, मोबाईलमधून कुणी बाहेर येईल अशी भीती असल्यासारखा.

"ये," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी लांबलचक सुरू झालं. अप्पा ऐकत राहिले. "न्हाई. वाटंवर काय न्हाई. ये तू."

पोरगा दुसऱ्या दिवशी आला. भांडणाची सगळी तयारी करून आला होता, घसा साफ करूनच गाडीतून उतरला, आणि बाप आधीच पुढच्या सीटवर बसलेला. बिचाऱ्याला एवढं सगळं ओरडायचं परत गिळावं लागलं. बराच वेळ तो नुसताच दोऱ्या बांधत राहिला, ज्या बांधायची गरज नव्हती.

"शटरला तेल घालत जा," अप्पा मला काचेतून म्हणाले. "आवाज करायलंय ते." मग त्यांनी काच वर केली. ऊन नव्हतं, वारा नव्हता, तरी वर केली.

अक्कांचं शेवटचं गाठोडं मी उचललं. त्या गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी मोजून मापून उतरत होत्या. मला राहवलं नाही. गाडीत बसलेल्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटलं, "अक्का, एखादं तरी ठेवायचं होतं मळकं. सगळीच का घासलीत?"

अक्कांनी माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, सीटवर ठेवलं आणि दार ओढून घेण्याआधी म्हणाल्या, "काळी पडली व्हती."